नानांच्या पोटातला आचारी

पोट आतून गुलाबी असतं. बाहेरून माणूस काळा असो, गोरा असो, जाडजूड असो नाही तर वाऱ्यानं उडेल असा असो, आतून सगळे सारखेच. गुलाबी, ओले, चमकणारे आणि घड्या पडलेले, घाईत कपाटात कोंबलेल्या साडीसारखे. लोक गड बघतात, लेणी बघतात. मी एकोणतीस वर्षं पोटं बघितली, आणि तुम्हाला खोटं वाटेल, पण एकदाही कंटाळा आला नाही.

जळगावात पोटाच्या एका डॉक्टरीणबाईंकडे मी दुर्बिणीच्या खोलीत मदतनीस होते. दुर्बीण म्हणजे काय, तर करंगळीएवढ्या जाडीची काळी लांब नळी. टोकाला दिवा आणि कॅमेरा. तोंडातून घशात, घशातून पोटात, की पोट समोर टीव्हीवर. घशात आधी कडू फवारा मारायचा, म्हणजे घसा बधिर होतो. दातांमध्ये प्लास्टिकची कडी द्यायची, म्हणजे पेशंट नळी चावत नाही. डाव्या कुशीवर झोपवायचं. हे सगळं कोणीही शिकेल. माझं खरं काम हात धरण्याचं. नळी आत जाताना माणूस जो हात दाबतो ना, त्यावरून तो घरी कसा वागत असेल ते मला कळायचं. मोठमोठे पुढारी बोटं मोडायचे. बारक्या बारक्या म्हाताऱ्या मात्र हातात हात ठेवून पडून राहायच्या, जणू मलाच धीर देतात.

माझं माहेर धुळ्याचं, देवपुरातलं. सासर जळगाव. शिक्षण सातवी पास आणि आठवी दोनदा. दवाखान्यात लागले ती फरशी पुसायला. एक दिवस आतली सिस्टर आली नाही, पेशंट घाबरून टेबलावर उठून बसला, तशा मॅडम ओरडल्या, "अक्का, फडकं ठेवा आणि याचा हात धरा!" मी फडकं ठेवलं ते ठेवलंच. इंग्रजी मी औषधांच्या खोक्यांवरून शिकले. आधी अक्षरं, मग लांबलचक नावं, मग मॅडमच्या टेबलावरच्या जाड पुस्तकातली चित्रं. जो शब्द अडेल तो जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहायचा आणि डबा खाताना मॅडमना विचारायचा. मॅडम म्हणायच्या, "अक्का, मी एकदा डॉक्टर झाले हो. तुम्ही मला रोज परीक्षेला बसवता."

नमुने तर काय एकेक यायचे! एक निवृत्त हेडमास्तर, नळी पोटात असताना हातानं खुणा करायला लागले. आम्हाला वाटलं गुदमरले. खुणेनं कागद मागितला, पेन मागितलं, आडव्यानंच लिहिलं, "उजेड अपुरा आहे." एक बाई उठल्या उठल्या टीव्हीवरचं आपलं पोट बघून रागावल्या. "इतकं चकाचक शे? मग मी रोज सकायी ते कडू चूर्ण कायले घेस?" अहिराणी ऐकून मी पण माहेरच्या बोलीत म्हटलं, "चूर्ण घेतं म्हनीसनच चकाचक शे, माय." मग खूश होऊन गेल्या.

पण सांगायचंय ते भरितवाल्या नानांचं.

नाना बोदवडकडच्या एका गावचे. केळी आणि कापूस, दोन्ही घरचं. पण त्यांची कीर्ती शेतीची नाही, वांगी भाजण्याची. बाहेरच्या वाचकांना सांगते, थंडी पडली की आमच्याकडे शेतात भरिताच्या पार्ट्या होतात. कापसाच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ करायचा, त्यात पांढरट हिरवी, हातात न मावणारी वांगी भाजायची, सोलून लाकडी भांड्यात मुसळीनं ठेचायची, वर हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे. सोबत कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्या. वांगं भाजलं गेलं की नाही हे लोक काडी टोचून बघतात. नाना लांब उभे राहून नाकानं सांगायचे, "तिसरं पलटव. पाचव्याले आजून वेळ हाये." बोदवडपासून जामनेरपर्यंत कुठंही पार्टी असो, नानांना गाडी पाठवून नेत. हिवाळ्यात हा माणूस घरी जेवतच नसे.

आणि या माणसाला काय, तर ॲसिडिटी! पोट गच्च, सारख्या ढेकरा, जेवण वरच अडकल्यासारखं. कितीतरी वर्षं रोज सकाळी ॲसिडिटीची गोळी. तशी ती कॅप्सूल, पण आमच्याकडे गिळायची ती सगळी गोळीच. नानांनी स्वतःच दुकानातून आणायची, स्वतःच गिळायची. त्या वर्षी त्यांना थकवा यायला लागला, रक्त कमी निघालं, तेव्हा नानी त्यांना ओढत आमच्याकडे घेऊन आल्या. नानी म्हणजे उंची माझ्या खांद्याएवढी आणि आवाज गच्चीपर्यंत.

"बाई," नानी मॅडमना म्हणाल्या, "या मानसाच्या पोटात नयी घाला अन् पहा, माह्या शिव्या तिठी साठल्या असतील."

नळी घातली. वरच्या भागात तुरीच्या दाण्याएवढ्या पाच-सहा पुटकुळ्या. बारीक चिमट्यानं त्यांनी पुटकुळीचे तुकडे घेतले, मी ते औषधाच्या बाटलीत टाकले. मग आजूबाजूच्या साध्या अस्तराचा तुकडा घ्यायचा, तर नानांनी असा ढेकर दिला आणि अशी नळी ओढली, की आला तो कपटाच. मॅडम म्हणाल्या, "अक्का, पट्टी बुडवा." म्हणजे पोटातला रस कागदाच्या पट्टीवर घेऊन त्यात आम्ल किती ते रंगावरून बघायचं. पट्ट्या संपल्या होत्या. मागवायचं काम माझं. मी विसरले होते. मॅडम म्हणाल्या, "राहू दे." ते "राहू दे" पुढे मला पुरेपूर भोवलं.

तुकड्यांचा रिपोर्ट आला. गाठी होत्या, कॅन्सरच्याच कुळातल्या, पण रोजच्या बघण्यातल्या नाहीत. मॅडमनी मला डब्याच्या वेळी समजावलं आणि मी ते माझ्या भाषेत असं करून घेतलं.

समजा, पोट म्हणजे भरिताची पार्टी. खाली दाराशी यजमान बसलाय. जेवण आत आलं की तो हाक मारतो, "आम्ल आणा!" ही हाक म्हणजे गॅस्ट्रिन नावाचं हार्मोन. पोटाच्या खालच्या भागातल्या पेशी ते रक्तात सोडतात, ते रक्तातून फिरून पुन्हा पोटाच्याच वरच्या भागात येतं. तिथं निरोपे उभे असतात. ते हाक ऐकतात आणि आचाऱ्याला सांगतात. आचारी म्हणजे आम्ल बनवणाऱ्या पेशी. आम्ल आलं की यजमान गप्प. झालं.

आता काही माणसांच्या पोटातला आचारी हळूहळू मरतो. शरीर स्वतःच त्याला मारून टाकतं, वर्षानुवर्षं, आवाज न करता. मग यजमान हाक मारतो, आम्ल येत नाही. पुन्हा मारतो, येत नाही. दिवसरात्र बोंबलत राहतो. आणि या हाकेची गंमत अशी, की ती नुसता निरोप देत नाही, ती ऐकणाऱ्या पेशींना वाढवते. एक निरोप्या पुरत नाही म्हणून दोन, दोन पुरत नाहीत म्हणून चार. स्वयंपाकघरात आचारी नाही आणि दाराशी निरोप्यांची ही गर्दी! ही गर्दी म्हणजे त्या पुटकुळ्या.

मी हे मॅडमना सांगितलं तर त्यांच्या हातातली पोळी हातातच राहिली. म्हणाल्या, "अक्का, हे मी उद्या माझ्या विद्यार्थ्यांना सांगणार." मला दोन दिवस जेवण गेलं नाही, इतका आनंद!

तर हाकेमुळे झालेल्या गाठी असतील, तर त्या बहुधा गरीब स्वभावाच्या. दुर्बिणीतून तारेच्या फासानं काढायच्या, दरवर्षी बघत राहायचं. पण तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या जातीच्या गाठी असतात, त्यांना कोणी हाक मारलेली नसते. त्या आपल्या मनानं वाढतात. त्या दुष्ट. त्यात पोट कापून काढावं लागतं, अर्धं, कधी सगळं. दोघींना ओळखायचं कसं? रक्तातली हाक मोजायची. गॅस्ट्रिन खूप वाढलेलं निघालं तर गरीब, नेहमीएवढंच निघालं तर दुष्ट.

(साध्या, नेहमीच्या पोटाच्या कॅन्सरलाही अशी हार्मोनं खतपाणी घालतात का, यावर मोठमोठे लोक अभ्यास करताहेत. मॅडम म्हणायच्या, काही खुणा दिसतात, पण ठाम सांगण्याजोगं अजून हातात नाही. तेव्हा मीही ठाम सांगत नाही.)

त्यात एक मेख आहे. ॲसिडिटीची गोळी काय करते? आचाऱ्याला झोपवते. आचारी मेला काय आणि झोपला काय, यजमानाला काय कळतं? तो बोंबलतोच. म्हणजे गोळी खाणाऱ्याचं गॅस्ट्रिनही वाढलेलं दिसतं. म्हणून चाचणीआधी गोळी दोन आठवडे बंद. आणि हे पेशंटला फोनवर सांगायचं काम, अर्थात, माझं.

"नाना," मी म्हटलं, "तुमची ॲसिडिटीची गोळी आजपासून बंद. पंधरा दिवस."

"बंद म्हंजे बंद, अक्का. डबीच नानीच्या हवाली केली."

पंधरा दिवसांनी उपाशीपोटी रक्त घेतलं. गॅस्ट्रिन उबेत नासतं, म्हणून रक्त काढल्याबरोबर नळी बर्फात, बर्फ थर्माकोलच्या डब्यात, डबा मोठ्या प्रयोगशाळेला. तो डबा मी असा बांधायचे, जणू लेकीची पाठवणी करतेय.

रिपोर्ट आला. गॅस्ट्रिन वाढलेलं, छापलेल्या मर्यादेच्या कितीतरी पट. नानींना इंग्रजी येत नव्हतं, पण ठळक आकडा आणि त्यापुढची खूण कळली. त्यांनी पदर तोंडाला लावला.

"नानी, रडू नका," मॅडम हसत म्हणाल्या, "वाढलंय हेच चांगलं आहे."

"बाई, केयीचा भाव सोडला तं वाढलेलं काही चांगलं असते का?"

मॅडमनी समजावलं. पोट काढायचं नाही, पुटकुळ्या नळीतूनच काढू, पुढच्या महिन्यात. नाना खुर्चीतून उठले, मॅडमना वाकून नमस्कार करायला लागले, मॅडम मागे सरकल्या, नाना पुढे, टेबलाभोवती एक फेरी झाली. शेवटी नमस्कार मला पडला. आणि आमंत्रणही. "अक्का, रविवारी शेतात भरीत. माह्या पोटाची पार्टी. तुम्ही येनं म्हंजे येनं."

मॅडमना गावाला जायचं होतं. मी गेले. बोदवडच्या स्टेशनावर नाना स्वतः घ्यायला आले होते, टोपी नवी कोरी. शेतात तीस-चाळीस माणूस. काड्यांचा जाळ, वांग्यांचा वास, केळीच्या पानांवर पंगत. नाना जाळाभोवती असे फिरत होते, जणू नवरदेवाचे वडील. मी तीन पुऱ्या खाल्ल्या, चौथी नको म्हणताना पाचवी पानात आली. नाकातून पाणी, डोळ्यातून पाणी, आणि इतकं हसणं की पोटात दुखायला लागलं.

जेवणं आटोपत आली. बडीशेपेचं ताट फिरायला लागलं. बडीशेप, खडीसाखर, आणि कडेला पाकिटातून सोडवून ठेवलेल्या ॲसिडिटीच्या गोळ्या. लाल-पिवळ्या, चकचकीत. ज्यानं त्यानं चिमूटभर बडीशेप घ्यावी, एक गोळी उचलावी, टाकावी तोंडात. मी शेजारच्या नानींना विचारलं, "हे काय?"

"आमच्याकडे अशीच रीत पडली हाये. भरीत तिखट, तं यजमानानं गोयी ठेवायची. नाही ठेवली तं लोकं नावं ठेवतात."

ताट नानांपाशी गेलं. नानांनी बडीशेप घेतली. गोळी उचलली. तोंडात टाकली. वर पाणी.

मी माझ्या आयुष्यात इतक्या वेगानं पानावरून उठले नव्हते. हात उष्टा, तशीच गेले आणि ताट धरलं. कोणीतरी म्हणालं, "अक्काले एक गोयी पुरत नाही वाटते!" सगळे हसले.

"नाना, तुम्ही गोळी बंद केली होती ना?"

"केली ना! माही गोयी बंदच हाये. डबी नानीजवळ."

"मग ही?"

"ही तं पाहुणचाराची," नाना म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर जरासुद्धा लबाडी नव्हती. "पार्टीत समोर आली ते नाही कसं म्हनावं? यजमानाचा अपमान होते."

"रक्त द्यायच्या आधी अशा किती पार्ट्या झाल्या?"

नानांनी बोटं मोजली. एका हाताची संपली, दुसऱ्या हाताची सुरू झाली.

म्हणजे रक्तातली ती हाक आचारी मेल्याची होती, की पाहुणचाराच्या गोळीनं झोपल्याची, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. पुटकुळ्या गरीब आहेत म्हणून आम्ही नाचत होतो, त्या दुष्टही असू शकत होत्या. माणसानं पोट वाचल्याची पार्टी दिली होती, आणि ते वाचलंय की नाही तेच माहीत नव्हतं. आणि मी काय सांगितलं होतं? "तुमची गोळी बंद करा." माणसानं आपली गोळी बंद केली. अक्षराला अक्षर पाळलं.

नानींना बाजूला घेऊन सांगितलं. त्यांनी ताट उचललं आणि गोळ्या नेऊन जाळात ओतल्या. पिटपिट आवाज आला.

गाडीत बसून जळगाव येईपर्यंत मनात एकच. मॅडमना नाही सांगितलं तर? रिपोर्ट कागदावर आहे, चांगला आहे, सगळे आनंदात आहेत. तुमच्याशी खोटं कशाला बोलू, दोन स्टेशनं हा विचार मी केला. मग मला नानांचा हात आठवला. पहिल्या दुर्बिणीला त्यांनी माझा हात इतका अलगद धरला होता, की मी बघितलं, धरलाय ना.

सोमवारी सकाळी मॅडम यायच्या आधी मी त्यांच्या दारात उभी. सगळं सांगितलं. बडीशेप, ताट, रीत, पाहुणचार. मॅडमनी चष्मा काढला.

"त्या दिवशी पट्टी बुडवली असती तर, गोळी चालू असली तरी, आतल्या आचाऱ्याचा थोडा अंदाज तेव्हाच आला असता."

"संपल्या होत्या."

"मागवायच्या कोणी होत्या?"

"मी."

मग मॅडमचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतात. हसत होत्या! "पाहुणचाराची गोळी," म्हणाल्या, "अक्का, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही हो!" आणि मग एकदम गंभीर. "पुन्हा करू सगळं. दुर्बीण, तुकडे, पट्टी, रक्त. पंधरा दिवस कुणाचीही गोळी नाही. ना घरची, ना दारची, ना देवाच्या प्रसादाची. फारच जळजळ झाली तर ते गुलाबी पातळ औषध घेऊ दे, तेही आदल्या दिवशी बंद."

ते पंधरा दिवस! नानी पोलीस झाल्या. रोज सकाळी मला फोन. "अक्का, खिसे पाहिले. काही नाही." "अक्का, चपला पाहिल्या." चौथ्या दिवशी विजयी आवाजात, "अक्का, टोपीच्या घडीत सापडली! एक!" मागून नाना ओरडत होते, "ती जुनी हाये, मले माहीतच नव्हती!" भरिताची आमंत्रणं थांबत नव्हती. नाना वांगी भाजायला जात, नानी सोबत जात, आणि बडीशेपेचं ताट आलं की नानी उभ्या राहून म्हणत, "यायले नका देऊ. यायच्या पोटाची परीक्षा हाये." लोक नानांना विचारत, "नाना, कितवीत हायेत?"

दहाव्या दिवशी नानांना दवाखान्यात बोलावलं होतं, वजन बघायला. मॅडमनी विचारलं, "नाना, गोळी सोडल्यावर जळजळ वाढली असेल ना?"

"नाही."

"अजिबात?"

"पोट गच्च तसंच, ढेकर तशीच. जशी गोयी असताना, तशी नसताना. मले तं फरकच कयत नाही."

मॅडमनी पेन टेबलावर एकदा आपटलं. मी त्यांच्याकडे बघितलं. रोज गोळी खाणारा माणूस एकदम थांबला, की झोपवलेला आचारी उठतो आणि दुप्पट चुलीवर चढवतो. छाती पेटते. आमचे निम्मे पेशंट त्यामुळंच पुन्हा गोळीकडे वळतात. (तुम्ही मात्र हे वाचून तुमच्या डॉक्टरनं दिलेली गोळी आपल्या मनानं थांबवू नका, मला शिव्या खायच्या नाहीत.) नानांची छाती पेटली नव्हती. म्हणजे उठायला आत कोणी होतं की नाही? मॅडमनी वजन लिहून घेतलं. मीही विषय काढला नाही. बोललं की नजर लागते.

दुर्बिणीच्या दिवशी मी पट्ट्यांची एक नव्हे, तीन खोकी आणून ठेवली. नाना कुशीवर. हात माझ्या हातात, या वेळी जरा घट्ट. या वेळी ढेकर नाही, ओढाओढ नाही. वरच्या अस्तराचे तुकडे भरपूर मिळाले. त्या अस्तरावर घड्या जवळजवळ नव्हत्याच, इस्त्री केल्यासारखं सपाट. पहिल्यांदाही ते तसंच असणार, पण तेव्हा आम्ही पुटकुळ्या बघत होतो. मग मॅडमनी नळीतून रस खेचून माझ्यासमोर धरला. "अक्का."

पट्टी बुडवायची म्हणजे डावा हात नानांच्या हातातून सोडवायला हवा होता. ते सोडेनात. मी उजव्या हातानं आणि दातांनी खोकं उघडलं. नियमात बसत नाही, माहीत आहे. पट्टी बुडवली. आम्ल असेल तर ती लालकेशरी होते, क्षणात. मी बघत राहिले. मॅडम बघत राहिल्या. पट्टी पिवळट झाली, थांबली, आणि हळूहळू अशी हिरवी झाली जशी कोवळी कांद्याची पात.

पंधरा दिवस गोळीचा कण नाही, आणि पोटात आम्लाचा थेंब नाही.

मी हसले. मोठ्यानं. त्या खोलीत कोणी हसत नाही. नानांच्या तोंडात नळी, त्यांनी डोळे गरागरा फिरवले. "काही नाही नाना," मी म्हटलं, "नाकानं श्वास घ्या."

तरी रक्ताचा रिपोर्ट यायचा होता, तुकड्यांचा यायचा होता. मॅडम हाताची घडी घालून म्हणाल्या, "कागद हातात आल्याशिवाय कोणाला एक शब्द नाही." त्या आठ दिवसांत मी दवाखान्यातली सगळी कपाटं पुसली. कोणी सांगितलं नव्हतं.

आठव्या दिवशी आले दोन्ही. तुकड्यात आम्ल बनवणाऱ्या पेशी जवळपास संपलेल्या. गॅस्ट्रिन पहिल्याइतकंच उंच. मॅडमनी दोनदा वाचलं, खुर्ची मागे ढकलली आणि चक्क टाळी वाजवली. "अक्का, फोन तुम्ही करा. गोळीचा निरोप तुमचा होता, हाही तुमचाच."

फोन नानींनी उचलला.

"नानी, वाढलेलंच आहे."

"खरोखरचं वाढलं हाये?"

"या वेळी खरोखरचं. पोट काढायचं नाही. पुटकुळ्या नळीतूनच निघतील, संध्याकाळी घरी. मग दरवर्षी एकदा दुर्बीण, आणि रक्तासाठी जीवनसत्त्वाची सुई. ती मात्र कायमची."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, मग पुन्हा, आणि मीही इकडे ओढलं. दोन म्हाताऱ्या फोनवर नुसतं नाक ओढत होतो. मॅडमनी मला पाण्याचा ग्लास दिला.

जरा वेळानं नानी म्हणाल्या, "अक्का, एक इचारू? तुम्ही म्हनता यायच्या पोटात आंबटच नाही. ते आता नाही, का आधीपासून?"

"मॅडम म्हणतात, बरीच वर्षं नसणार."

"म्हंजे पित्त नव्हतंच?"

"नव्हतंच, नानी."

"कधीच?"

"निदान इतक्यात तरी नाही."

नानींचा आवाज एकदम गच्चीवर चढला. "अन् यायले पित्त होते म्हनून मी वीस वर्षं घरच्या भाजीत मिरची टाकत नाही! हा मानूस दुनियेच्या शेतात जाऊन भरीत हानते, अन् मी घरी बसून वीस वर्षं पानचट वरन खाऊ रायली! अहो! आयकता का? इकडे या आधी!"

फोन त्यांनी ठेवलाच नाही, कुठंतरी ओट्यावर टाकला. मला नानांच्या चपलांचा आवाज आला. मग "काय झालं, कागद आला का?" हा घाबरलेला प्रश्न आला. मग आला खलबत्त्याचा आवाज. धाड, धाड, धाड. आणि थोड्या वेळानं नानांचा ठसका.